अंगाजवळून हात

दूधवाल्याकडून पिशवी घेताना यशोधरेनं डावा हात पुढं केला आणि मी एकदम दचकलो. खरं तर त्यात काहीच नव्हतं. सकाळची वेळ, गल्ली नुकती झाडून झालेली, मी आमच्या दुधाची पिशवी धरून फाटकाशी उभा आणि समोरच्या जिन्याखाली ती. पण ही मुलगी साधी वाटी परत करायची तरी उजव्या हातानं, डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराला लावून. कोल्हारच्या आजीनं लावलेलं वळण. दूधवाला हसून म्हणाला, "काय गं, डावखुरी झाली का एका रात्रीत?" तीही हसली. जिना चढताना तिनं कठडाही डाव्याच हातानं धरला. त्यासाठी तिला अंग वळवावं लागलं, कारण कठडा उजवीकडं होता. उजवा हात नुसता लोंबत होता, दुसऱ्याच कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. ती दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभा होतो. दुधाच्या पिशवीला सुटलेलं पाणी बाहीतून कोपरापर्यंत आलं तेव्हा लक्षात आलं की मघापासून मी मनात एकच शब्द म्हणतो आहे: माझ्यामुळं.

माझा आणि खेळाचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता आलं नसतं. जन्मभर मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. लहानपणी मुलं चिंचा पाडायला दगड मारत, तेव्हा मीही एकदा मारला होता. तो पुढं जायच्या ऐवजी माझ्याच मागं पडला. त्या दिवशीचं हसणं मला अजून ऐकू येतं. सगळ्यांचं मिळून एक, मोठं, आनंदी हसणं. त्यात दुष्टपणा असा काही नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्यानंतर खेळ सुरू झाला की मी इतरांची दप्तरं सांभाळत बसायचो आणि त्यांच्यातली पुस्तकं वाचायचो. अशा माणसानं कुणाला चेंडू कसा टाकावा हे शिकवायचं, म्हणजे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पण त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा एकदम आल्या होत्या आणि यशोधरेच्या शाळेतले खेळाचे सर निवडणुकीच्या कामात अडकले होते. मुली आपापल्या परीनं सराव करत. यशोधरा आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर कोळशानं चौकोन काढून चेंडू मारायची. तो आवाज मला आवडायला लागला होता. सकाळी वाचताना तो थांबला की माझी ओळ चुकायची. एक दिवस ती फाटकाशी येऊन म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडं सगळ्याची पुस्तकं असत्यात म्हनं. सॉफ्टबॉलचं हाय का?"

होतं. ग्रंथालयानं रद्दीत काढलेलं एक इंग्रजी पुस्तक, केवळ त्यातली चित्रं पाहून मी घरी आणलं होतं. एकच मुलगी, पानापानावर थोडी थोडी पुढं सरकलेली. चेंडू धरून उभी, मग पाऊल पुढं, मग हात रहाटासारखा डोक्यावरून मागं जाऊन खाली येतो आणि मांडीपाशी चेंडू सुटतो. मी तिला वाचून सांगू लागलो. गल्लीत खडूनं रेघ मारली, पाऊल कुठं पडावं तिथं खूण केली. मागचं पाऊल उचलायचं नाही, ओढत आणायचं. मनगटाला शेवटी झटका द्यायचा. छाती आधी बाजूला वळवायची, मग समोर आणायची. ती सगळं ऐकायची आणि करायची. इतक्या विश्वासानं कुणी माझं कधी ऐकलं नव्हतं, आणि म्हणूनच मी हुरळलो असणार. चेंडूचा वेग वाढला, पण तो सारखा उजवीकडं जायचा, कधी लिंबाच्या बुंध्यावर, कधी शेजाऱ्यांच्या स्कूटरवर. मी पुस्तकात पाहायचो, चष्मा पुसायचो आणि म्हणायचो, "अजून जोर लाव." हे वाक्य पुस्तकात नव्हतं. ते मी कुठून आणलं, कुणास ठाऊक. कदाचित माझा तो मागं पडलेला दगड बोलत असावा.

तिनं डाव्या हातानं दूध घेतलं त्या दिवशी संध्याकाळी तिची आई आमच्याकडं आली. माधुरीताई एका खासगी दवाखान्यात नर्स आहेत. नवरा गेल्यापासून त्यांनी एकटीनं सगळं ओढलं. मुलगी सातवीपर्यंत कोल्हारला आजीकडं ठेवली आणि मग शिकायला नगरला आणली. त्या उभ्यानंच बोलल्या. "खांदा सुजलाय तिचा. वर उचलत नाही. मी शेकायला दिलंय आणि गोळी दिलीय. पण सर, आमच्याकडं बायका येतात खांदा धरलेल्या, स्वतःची वेणी घालता येत नाही त्यांना. पोरीची जात, उद्या सगळं हातावरच करायचंय." मी पुढं केलेल्या खुर्चीकडं त्यांनी पाहिलंही नाही. "रविवारी राहात्याला जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. ती रडतीय. मी सांगितलं, तोवर हात बरा झाला आणि पुन्हा टाकताना दुखला नाही, तर जा. दुखला तर चेंडू कायमचा कपाटात. मग माझ्यापुढं पुन्हा विषय काढायचा नाही." मी म्हणालो, "माधुरीताई, तिला हे मीच..." त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "मला माहितीय ना सर. घरी दुसरं काही बोलते का ती? आजोबा असं म्हणाले, आजोबा तसं म्हणाले. तुम्ही म्हणालात थांब, तर थांबेल. माझं नाही ऐकणार." त्या गेल्यावर आमची ही आतून म्हणाली, "ऐकलं ना? आता ते पुस्तक मिटा आणि त्या पोरीला सुखानं राहू द्या."

पुस्तक मी मिटलं नाही. चेंडू बंद झाल्यामुळं गल्ली विचित्र शांत झाली होती आणि त्या शांततेत मी तीच तीच चित्रं पाहत बसायचो. थांब म्हणावं, हे सर्वांत सोपं होतं. माझ्या शब्दानं तिचा हात बिघडला होता, माझ्याच शब्दानं तो वाचेल. पण थांब म्हटल्यावर तिचा चेहरा कसा होईल, ते मला दिसायचं, आणि मग वाटायचं, आपण तिच्या हाताला भितो आहोत की तिच्या चेहऱ्याला? पुढं पुढं ती चित्रातली मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. खाली येताना तिचा हात मांडीला चिकटलेला होता. प्रत्येक चित्रात. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग कपड्याला घासूनच पुढं जात होता. आणि मग मला आमची भिंत आठवली. सकाळचं ऊन तिरपं यायचं आणि यशोधरेची सावली चौकोनाच्या बाजूला पडायची. त्या सावलीत, हात खाली येतो त्या क्षणी, हात आणि अंग यांच्यामधे उजेडाची एक फट असायची. मी ती रोज पाहिली होती. ती मला सुंदरसुद्धा वाटली होती. म्हणजे हात अंगापासून लांबून जात होता, चेंडू म्हणून उजवीकडं पळत होता, आणि त्या लांब गेलेल्या हाताला मी अजून जोर लावायला सांगत होतो. सगळा भार एकट्या खांद्यावर. पण मी तर तिला हेही सांगितलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा: हात अंगाजवळून. ती म्हणायची, "जवळूनच जातोय की आजोबा." ती खोटं बोलत नव्हती. तिला तो जवळच वाटत होता. जी गोष्ट करणाऱ्याला होतेच आहे असं वाटतं, ती त्याला पुन्हा सांगून काय होणार? इथं माझं वाचन संपलं. पुस्तकातल्या मुलीला ही अडचण नव्हती.

ते कोडं मी घरभर घेऊन हिंडत होतो. स्वयंपाकघरातून बाहेर येताना हिनं मला हटकलं. "अहो, कोपरं सोडा की जरा. घरात काय पुस्तकं पडणारेत अंगावर?" मी निवृत्त झाल्यापासून ती हे म्हणत आली आहे आणि मी कधी लक्ष दिलेलं नाही. त्या दिवशी मी दारातच थांबलो आणि स्वतःकडं पाहिलं. माझी दोन्ही कोपरं बरगड्यांना आवळलेली होती. ग्रंथालयातल्या दोन कपाटांच्या मधली वाट इतकी अरुंद होती की कोपर जरा बाहेर गेलं तर ओळीतलं पुस्तक खाली येई. पहिल्या वर्षी एक जाड कोश असा माझ्या पायावर पडला होता. ती कपाटं आता माझ्या आयुष्यात नाहीत. त्या कॉलेजच्या रस्त्यालाही मी जात नाही. पण मोकळ्या गल्लीत, बाजारात, देवळाच्या पटांगणात मी अजून त्यांच्या मधूनच चालतो, आणि कुणी विचारलं तर म्हणेन, छे, मी तर सरळ चालतो. हे सुचलं तेव्हा मी दारातून बाजूला झालो. ही शेजारून गेली. जाताना तिनं मनगट किंचित बाहेर वळवून चौकट टाळली. तिला ते कळलंही नाही. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. मी त्या बांगड्यांकडं असा पाहत राहिलो की ती म्हणाली, "काय झालं? नव्या नाहीत हो, जुन्याच आहेत."

मी समोरच्या जिन्याखाली गेलो. कुणाच्या दाराशी आपणहून जाणं मला अवघड जातं, पण त्या वेळी ते आठवलं नाही. यशोधरा कट्ट्यावर वही घेऊन बसली होती. मी विचारलं, "कोल्हारला असताना बांगड्या घालायचीस का गं?"

"घालायची म्हंजे? आजी कासारणीला घरीच बोलवायची. हितपोत्तर भरायची," तिनं कोपर दाखवलं. "वर्गात पोरं म्हनायची, दुकान आलं दुकान आलं."

"आणि फुटली एखादी, की?"

"फुटली म्हनायचं न्हाई आजोबा, वाढली म्हनायचं." ती हसली, मग गंभीर झाली. "वाढली की आजी त्या येळंला जेवायचीच न्हाई. मला काय बोलायची न्हाई, नुसती बसून राहायची. मग मी लई जपायची. हापशावर, भांडी घासताना, कपडे आपटताना. आता कुठं, हितल्या शाळेत आल्यापासनं एक बी न्हाई." हे बोलताना तिनं हात खाली घेतला, आणि तो कट्ट्याच्या कडेला टेकायच्या आधीच, काही कारण नसताना, बाहेर वळला. दुखरा हात, तरीही वळला. तिला दिसलं नाही. मला दिसलं.

हातात नसलेल्या बांगड्या ती अजून जपते आहे, असं घरी येऊन हिला सांगितलं तेव्हा तिनं मला वेड्यात काढलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. ती थोडा वेळ आपल्याच मनगटाकडं पाहत राहिली. मग कपाटातून शिंगणापूरच्या दुकानातून आणलेली एक जाड लाल प्लास्टिकची बांगडी काढून म्हणाली, "ही चढवा तिच्या हातात, वरपर्यंत, घट्ट. मांडीला लागली की आवाज येईल. आवाज आला तर तुमचा हात जवळून गेला." मी म्हणालो, हे कोणत्या पुस्तकात आहे? ती म्हणाली, "एखादी गोष्ट पुस्तकाबाहेर असू द्या."

माधुरीताईंनी सूज उतरल्याचं पाहून हलक्या हातानं टाकायची परवानगी दिली, तेव्हा मी, ही आणि यशोधरा गल्लीत उभे होतो. बांगडी मनगटाच्या बरीच वर, मांसात रुतेल अशी बसली. यशोधरेनं हात फिरवला. चेंडू गेला. आवाज आला नाही. पुन्हा, पुन्हा नाही. फट तशीच. "भ्या वाटतंय," ती म्हणाली आणि स्वतःच चकित झाली, कारण तोवर तिला कसलं भय असल्याचं माहीत नव्हतं. "वाढंल असं वाटतंय." तेव्हा हिनं ती बांगडी तिच्या हातातून काढून घेतली, दाराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि वर पाय दिला. साठी उलटलेली बाई, पदर खोचून, पूर्ण भार देऊन. बांगडी चपटी झाली, पाय काढताच परत गोल. "बघ. काय होतंय का तिला? आणि झालं तर होऊ दे. माझी आहे. मी सांगते, फोड. फोडून दाखव मला."

"नगरची आजी लई डेंजर हाय," यशोधरा मला म्हणाली. तिनं बांगडी चढवली, डोळे मिटले, आणि हात फिरवला. थप्. धुणं आपटल्यासारखा तो आवाज झाला. चेंडू चौकोनाच्या आत जाऊन लागला. तिनं डोळे उघडून आधी बांगडीकडं पाहिलं, मगच भिंतीकडं. पुढं किती तरी वेळ ती टाकत राहिली आणि मी फक्त ऐकत राहिलो. थप् आणि लगेच भिंतीचा आवाज. मधेच एखादा मुका जाई, तेव्हा चेंडू लिंबाकडं पळे आणि ती माझ्या आधी म्हणे, "ऱ्हायला." मी जोर हा शब्द उच्चारला नाही. जोराची गरजच नव्हती. वेग आपोआप आला होता, जणू हात इतके दिवस कुणाला तरी चुकवत लांबून जायचा आणि आता सरळ वाटेनं घरी येत होता. तरी मी सारखा विचारत होतो, "दुखतंय का?" आणि ती वैतागून म्हणाली, "आजोबा, तुमी इचारलं की दुखल्यावानी वाटतंय. गप ऱ्हावा ना जरा." ही पोटभर हसली. तेही हसणं मोठं आणि आनंदी होतं, पण ते मला लागलं नाही.

शनिवारी माधुरीताईंनी तिचा हात धरून वर केला, मागं नेला, अंगठ्यानं दाबत दाबत खांद्यावरून फिरल्या. मी समोर खुर्चीत अवघडून बसलो होतो, निकालाला बसल्यासारखा. त्यांनी हात सोडला. मग म्हणाल्या, "जा. पण मला ड्यूटी आहे. सर, तुम्ही जाल का हिच्याबरोबर? शाळेच्या बाई आहेत, तरी तुम्ही असलात तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. माझ्या छातीवरचं ओझं पूर्ण उतरलं नाही. घरातलं दाबणं वेगळं, मैदानावरचा दिवसभराचा मारा वेगळा. उद्या संध्याकाळी हा हात कसा असेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

राहात्याच्या मैदानावर मी तारेच्या कुंपणाबाहेर, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी उभा राहिलो. आत जायचं मला कुणी नाही म्हटलं नसतं, पण मी गेलो नाही. दागिने काढा म्हणून पुकारा झाला तेव्हा यशोधरेनं ती लाल बांगडी काढून बाईंच्या हातात दिली आणि मी कुंपणाची तार धरली. आता आवाज नाही. आता काय? ती उभी राहिली, पाऊल टाकलं, हात फिरला. मी चेंडूकडं पाहिलंच नाही. मी तिच्या कमरेपाशी पाहत होतो, ऊन पलीकडून येत होतं, आणि फट नव्हती. समोरच्या मुलीची बॅट नुसतीच हवेत फिरली. निवड करायला आलेले एक गृहस्थ, गळ्यात शिट्टी, तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "अगं, हात घासतोय तुझा मांडीला. लागेल. जरा बाहेरून घे." मला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. त्या माणसानं जन्म मैदानावर काढला असणार. मी कपाटांमधे. कुणाचं खरं? तार हातात इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले. यशोधरा नम्रपणे म्हणाली, "घासू द्या सर. मी तसाच टाकती." आणि तसाच टाकला. पुन्हा टाकला. दुपार कलेपर्यंत टाकत राहिली. तिचं नाव संघात वाचलं गेलं तेव्हा शेंगदाणेवाला मला म्हणाला, "तुमची नात काय?" मी हो म्हणालो, आणि मग पुढं काय बोलावं ते न कळून त्याच्याकडून नको असलेले शेंगदाणे घेतले.

परतीच्या एसटीत खिडकी तिला हवी होती. उजव्या बाजूच्या बाकावर ती खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी. मला विचारायचं होतं, दुखतंय का? दिवसभर तेच विचारायचं होतं. पण तिनं गल्लीत मला गप्प केलं होतं, म्हणून मी गप्प राहिलो. बाभळेश्वर जवळ आलं तसे तिचे डोळे जड झाले. "आजोबा, कोल्हार आलं की उठवाल ना? पुलावरनं आजीचं घर दिसतंय. नुसतं बघायचंय." मी म्हणालो, "उठवतो." ती झोपली. रस्ता खणलेला होता. गाडी खड्ड्यात गेली की सगळी माणसं एकदम उजवीकडं कलायची. तीही कलली. तिचं सगळं वजन त्याच उजव्या खांद्यावर आलं, खिडकीच्या लोखंडी पट्टीवर, आणि मी श्वास रोखला. ती जागी झाली नाही. कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. पुढच्या खड्ड्याला तर तिनं झोपेतच तो खांदा आणखी आत, पट्टीच्या आणि बाकाच्या कोपऱ्यात खुपसला, नीट जागा करून घेतली, आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागली. मागच्या बाकावरच्या मुली खुदखुदल्या. मी वळून त्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं, असं धाडस मी ग्रंथालयातही क्वचित केलं असेल. माझ्या हातापायांतून काही तरी सैल होत खाली उतरत होतं आणि डोळे उगाच भरून येत होते. पूल आला. खाली प्रवरा भरून चालली होती, पलीकडं घरांचे पत्रे उन्हात चमकत होते. त्यांतलं एक तिच्या आजीचं असणार. कंडक्टरनं घंटी मारली, माणसं उतरली, माणसं चढली. मी तिला उठवलं नाही.